शेपटीवरचा दोरा

नवरा: …आणि पंख छाटायचे नाहीत म्हणतेस, मग राहिली शेपटी. धर घट्ट. नाकाकडून नको, तिथं पंखा आहे.

बायको: आधी मशीनवरचं पडद्याचं कापड उचलू द्या. तुमच्या विमानाचा गोंद लागला, तर गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडेल.

नवरा: कापड कुठं पळून जात नाही. रविवार मात्र उद्यावर आलाय.

बायको: काय व्हायचंय रविवारी?

नवरा: कोलांटी! आभाळात एक पुरी कोलांटी मारून दाखवायची मैदानावर येणाऱ्या त्या वायरमनला. त्याचं विमान कसं गोल फिरून येतं, आणि आमचं? रिमोटची दांडी पार पोटापर्यंत ओढली तरी नाक वर करत नाही.

बायको: शिकाऊ विमान आहे ते. खोक्यावरच लिहिलंय, पहिल्यांदा उडवणाऱ्यांसाठी.

नवरा: मला दिलेली पहिली बसही खटाराच होती. तिलाच मी घाट चढायला लावला. गाडी कुठलीही असो, तिच्याकडून काम काढून घेणारा पाहिजे.

बायको: मग महिनाभर दुसरं काय चाललंय? मोठा पंखा लावलात, बॅटरी मागे सरकवलीत…

नवरा: वेग आला की नाही?

बायको: आला, आणि थेट झाडात गेला. पंख चिकटवत मी बसले होते.

नवरा: बॅटरी जरा जास्तच मागे गेली, शेपूट जड झालं. आता ती परत जागेवर आहे. पण एक कोडं मला सुटत नाही. घेतलं तेव्हा हेच विमान दांडीला नुसता अंगठा लागला की उसळायचं. मधेच असं मठ्ठ कशानं झालं?

बायको: बॅटरी उतरली असेल.

नवरा: नवी आहे.

बायको: मग वारा.

नवरा: वाऱ्याचं कारण मी द्यायचं असतं, तू नाही.

बायको: तेच म्हणते मी. नाचता येईना…

नवरा: बोल की. पुरं कर.

बायको: काही नाही. चहा निवतोय तुमचा.

नवरा: चहा कसला, अर्धा कप. या घरात हल्ली सगळंच अर्धं.

बायको: दुसरा अर्धा मागून देते ना. गरम लागतो तेवढाच.

नवरा: बरं, इकडे बघ. ही शेपटीची फळी, ही वर-खाली हलते. तिच्यावर हा प्लास्टिकचा कान, कानाला भोकं. मी दांडी ओढली की ही तार कानाला ओढते. तार फळीपासून लांबच्या भोकात असली, तर फळी जेमतेम हलते. जवळच्या भोकात घातली की सणकून हलते. कळलं?

बायको: कुणी सांगितलं तुम्हाला हे? वायरमननं?

नवरा: तो कसला सांगतोय! विचारलं तर पावसापाण्याचं बोलत बसला. मीच खोक्यातला कागद काढून वाचला. तर आता तार जवळच्या भोकात घाल. तूच घाल, मला या चष्म्यातून बारीक दिसत नाही.

बायको: चष्म्यातून.

नवरा: नंबर वाढलाय. तू दिवसभर सुया ओवतेस, तुला काय अवघड आहे?

बायको: रविवार झाल्यावर घालू या का?

नवरा: वरात गेल्यावर घोडं आणतेस होय?

बायको: आणि पडलं तर?

नवरा: चिकटवू.

बायको: विमान चिकटवीन हो मी. पण ते पडलं की तुम्ही तोंड मिटून भिंतीकडे बघत बसता. ते कशानं चिकटवू?

नवरा: अगं, बस गेली. गाडीची किल्ली मुलीनं काढून घेतली. आता माझ्या हातानं वळणारं असं हे एवढंच राहिलंय. हे तरी माझं ऐकू दे.

बायको: …द्या इकडे. आणि ती कात्री द्या.

नवरा: तार काढायला कात्री कशाला?

बायको: असू दे. द्या.

नवरा: थांब, थांब. उजेडात धर. दोरा आहे इथं. मी कधी दोरा बांधला?

बायको: कारखान्यातूनच आला असेल.

नवरा: तुझ्या पडद्याचा पोपटी दोरा? कारखान्यातून?

बायको: मग वायरमननं बांधला असेल.

नवरा: त्यानं काळी पट्टी गुंडाळली असती. बटण लावल्यावर खाली वेढे देऊन मान आवळतेस ना, ती गाठ आहे ही. नोकरीभर माझ्या गणवेशाची बटणं याच गाठीवर टिकली. मी ओळखणार नाही होय?

बायको: तारेची बारीक रबरी कडी माझ्या हातून पडली. पलंगाखाली गेली, सापडेना. तार सुटली असती तर विमान गेलं असतं. म्हणून बांधला.

नवरा: म्हणजे लांबच्या भोकात तार तू घातलीस.

बायको: हो.

नवरा: मला शेंडी लावलीस! मी इथं बॅटरीला शिव्या देतोय, पंखे बदलतोय, आणि तू शेजारी बसून पडदे शिवतेस!

बायको: हो.

नवरा: पण का?

बायको: वारा फार असतो मैदानावर.

नवरा: ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

बायको: वर गेलं की विमान थरथरायचं. तुम्ही म्हणायचात, वारा आहे. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेले असायचे, शर्टाची बाहीसुद्धा हलायची नाही. मग मी विमानाकडे बघायचं सोडलं, आणि तुमच्या अंगठ्यांकडे बघितलं.



नवरा: वायरमनला माहीत आहे?

बायको: त्यानंच सांगितलं. म्हणाला, वहिनी, लांबच्या भोकात घाला, हात हलला तरी विमान हलणार नाही.

नवरा: आणि मुलीला?

बायको: किल्ली तिनं चष्म्यापायी नव्हती काढून घेतली.

नवरा: वा. ज्याचे हात, त्यालाच सगळ्यात शेवटी.

बायको: तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?

नवरा: …दाढी करताना जाणवायचं. वाटायचं, अजून कुणाला दिसत नाही.

बायको: डॉक्टरकडे चला म्हटलं असतं, तर आला असतात?

नवरा: नाही.

बायको: मग मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा. बोलले तर तुम्ही रिमोट कपाटात टाकणार. नाही बोलले तर विमान पडणार. मला फक्त शिवता येतं हो. बांधून टाकलं.

नवरा: रडू नकोस.

बायको: नाही रडत. कापू का दोरा? म्हणाल त्या भोकात घालते. मारा उद्या कोलांटी, मी अडवणार नाही.

नवरा: होईल का गं? एक तरी?

बायको: मला काय कळतं विमानातलं.

नवरा: खरं सांग.

बायको: नाही होणार.

नवरा: …राहू दे मग. दोरा राहू दे.

बायको: वायरमनला काय सांगायचं?

नवरा: वारा होता म्हणू.

बायको: म्हणू.

नवरा: आणि चहा? तोही तेव्हापासूनच अर्धा ना?

बायको: तुमच्याकडून सांडायचा. मग पुसताना इकडंतिकडं बघायचात, कुणी पाहिलं का म्हणून.

नवरा: आणि मला सांगतेस, गरम लागतो.

बायको: लागतोच की गरम.

नवरा: आण मग तो उरलेला अर्धा.