झडपेचं चाक

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे पाणीखात्याचे निवृत्त होणारे मुख्य अभियंता, म्हणजेच आमचे भाऊजी, त्यांच्या शेजारी बसलेली माझी सख्खी ताई, आणि सभागृहातल्या बंधुभगिनींनो,

घरच्यांतर्फे कुणीतरी बोलावं म्हणून मला उभं केलंय. मी मिठागरातली बाई, बोलायला लागले की आवरत नाही, हे भाऊजी जाणतात.

आधीच्या वक्त्यांनी शहराचा इतिहास सांगितला, तळ्याचा राहिला. खाऱ्या तळ्यात मीठ पिकायचं म्हणून काठावर बाजार भरला, बाजार भरला म्हणून घरं झाली. तुमचं शहर आमच्या अंगणात रांगलं हो! मग ते वाढलं, त्याला गोडं पाणी हवं झालं, आणि तळ्याला मिळणारी नदी अडवायची ठरली. तहान लागण्यात गुन्हा तो कसला?

पण मिठागरवाले अडून बसले. तेव्हा भाऊजी, नवे जावई, आमच्या घरी आले आणि आमच्या वडिलांना, आप्पांना म्हणाले, "धरण भरलं की झडप उघडून तळ्याला पाणी सोडू. माझा शब्द." आप्पा घरोघर फिरले. "जावई आहे, परका का आहे?" एवढ्या भांडवलावर त्यांनी सगळ्यांना राजी केलं.

झडप एकदाही उघडली नाही. तरी आप्पा दर पावसाळ्याआधी तिच्या चाकाला ग्रीस लावून यायचे. आई चिडायची. ते म्हणायचे, "ऐनवेळी गंजलं तर जावयाची फजिती होईल." हसा, मलाही हसू यायचं.

एका वर्षी गेले, तर चाकच नाही. भाऊजी म्हणाले, "चोरीला गेलं, आप्पा. भंगारवाले काही सोडतात का? नवं आलं की उघडू." आप्पांनी मान डोलावली. शेजाऱ्यांनी आमच्या घरी येणं टाकलं. शेवटच्या आजारातही ते विचारत, "चाक आलं का गं?" आज तळ्याच्या जागी पांढरी धूळ आहे, वारा फिरला की ती तुमच्या खिडक्यांवर बसते. खाल्ल्या मिठाची म्हण मी सभ्यपणापोटी वापरत नाही.

आता हे स्मृतिचिन्ह. लाकडी पाटावर बसवलंय, पॉलिशही छान. "इतकी वर्षं साहेबांच्या केबिनमध्ये कपाटावर होतं," असं निवेदिकाबाईंनी कौतुकानं सांगितलं. ते माझ्या हस्ते द्यायचं म्हणे.

भाऊजी, याचा एक आरा वाकलाय. गंज झाडताना आप्पांच्या हातोडीनं वाकला, मी सोबत होते. खाली बघू नका. फसवलंत तुम्ही आम्हाला. पाणी सोडणार नाही, असं तोंडावर सांगायचं होतं. म्हाताऱ्याला ग्रीसचा डबा घेऊन का फिरवलंत? ताई, तुला माहीत होतं? राहू दे, इथे नको सांगूस.

संयोजकांनी बोलावलं, मान दिला, मी आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. नवे अभियंतासाहेब पहिल्या रांगेत आहेत. धरण यंदा काठोकाठ आहे, असं मघाशी त्यांनीच मला सांगितलं.

साहेब, उठा. चाक जड आहे, एका बाजूनं तुम्ही धरा.