कपाट कोणाचं

कोर्टाच्या व्हरांड्यात आपल्या तारखेची वाट बघत बसलेल्या शिंप्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. त्याच बाकावर एक वकील, एक गृहस्थ आणि गृहस्थांची बायको हळू आवाजात बोलत होते.

“पोलीस मुळात आले कशाला होते?”

“शेजारच्या चोरीची चौकशी करायला. निघालेच होते. मीच म्हटलं, आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, हवं तर मुलाचं कपाटही बघा.”

“आणि गांजाची पुडी निघाली.”

“हळू बोला हो.”

“झडती बेकायदा म्हणायची सोय तुम्हीच ठेवली नाहीत. आता एकच वाट आहे. कपाट घरातले सगळेच वापरतात, असं सांगायचं. मग पुडी मुलाचीच, हे त्यांना सिद्ध करावं लागेल.”

“म्हणजे लोकांना वाटणार, माझी.”

“वाटेल काहींना.”

“मी सोसायटीचा अध्यक्ष आहे, साहेब.”

“मुलगा कोठडीत आहे.”

“तरी पण, एवढ्याशा पुडीला साधारण शिक्षा किती होते?”

शिंपी पान उलटायचं विसरला.

“वकीलसाहेब,” बायको पहिल्यांदाच बोलली, “त्याच्या कपड्यांच्या घड्या त्या कपाटात मीच ठेवते. माझं नाव घाला.”