भिवाआप्पांनी मनगट बघून मोबाईल घेतला

मंडळी, ऐका! एकच सवाल, आणि उत्तर देताना बायकोकडं बघायचं नाही! आपलं माणूस दिसलं — म्हणजे भेटलं का हो?

हो म्हणताय? कोण म्हणालं हो? बसा, बसा! तुमच्यासाठीच आहे आजचं आख्यान.

बोरगावात एक भिवाआप्पा कासार. बांगड्या भरायचे. आता बांगडी भरणं म्हणजे काय? हात हातात घ्यायचा, हाडं दाबून बघायची, अंगठा आत मुडपायचा — आणि बांगडी अशी सरकवायची की बाईला कळूसुद्धा नये! पट्टी नाही, टेप नाही. हात धरला की आप्पा डोळे मिटून सांगणार, ''सव्वादोन इंच!'' जन्मात कधी चुकले नाहीत.

पण आता हात येतात कुठं? बायका डब्यातल्या बांगड्या घेतात, आपल्या आपण चढवतात. तुम्हीच हो! लपवू नका हात पदराखाली! आप्पांची बायको गेलेली. लेक कुंदा पार भिलाईला. गुडघे गेल्यामुळं आप्पांना रेल्वेत चढवत नाही. दिवस दिवस त्या माणसाच्या हातात कुणाचा हात नाही. स्वतःचंच मनगट चाचपत बसायचे दुकानात!

कुंदाला मुलगी झाली, ओवी. दोन वर्षांची झाली तरी आजोबानं पोरीला शिवलेलं नाही. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की नातीच्या पहिल्या बांगड्या आजोबाच्या हातच्या. पोरीचे हात अजून मोकळे!

कुंदा म्हणाली, ''आप्पा, ते बटणांचं डबडं टाका. साधा का होईना, मोठ्या पडद्याचा मोबाईल घ्या. ओवी दिसेल तरी.''

झालं! आप्पा निघाले फिरोज इनामदारच्या दुकानात. जवळ सहा हजार. वर एक रुपया नाही, आणि हप्त्याचं नाव काढलेलं खपायचं नाही. फिरोजनं हात पुढं केला, ''या मामा!'' आप्पांनी तो धरला, आणि सवयीनं जरा दाबलासुद्धा. बसले.

''हा बघा मामा. स्वस्त, मजबूत. चार्जिंग दोन दिवस बघायला नको. हा दुसरा, कॅमेरा झकास, पण बारा हजार.''

''यात मनगट दिसतं का?''

''काय दिसतं?''

''मनगट रे! बाकी तुझं ते जीबी-बिबी ठेव बाजूला.''

मंडळी, हसू नका! तुम्ही मोबाईल कशावरून घेता? मेव्हण्याकडं आहे त्याच्यापेक्षा मोठा पाहिजे, म्हणून! आप्पाला निदान काय बघायचंय ते ठाऊक होतं.

फिरोज वस्ताद गडी. समोर चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, तिथून आप्पांच्या हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ लावला, बाही सारून मनगट दाखवलं. ''सांगा मामा!''

आप्पांनी डोळे बारीक केले. ''पावणेतीन! आणि अंगठ्याचं हाड जाड आहे तुझं.''

फिरोजनं तिथूनच सलाम ठोकला. टपरीवाल्यानं टाळ्या पिटल्या! आप्पांनी स्वस्तातला मोबाईल घेतला, वर सहाशे रुपये वाचले, रुबाबात घरी आले.

संध्याकाळी भिलाईला व्हिडिओ. ओवीनं हात असा पडद्यावर आणून आपटला! आप्पांनी माप घेतलं. हिरव्यागार बांगड्या निवडल्या, कापसात गुंडाळल्या, पोस्टानं धाडल्या. आणि मग वाट बघत बसले. मोबाईल वाजला की धोतराला हात पुसून उचलायचे. कंपनीची जाहिरात असायची!

एक दिवस कुंदाचा फोन. हसतेय. ''अहो आप्पा, या तर माझ्या हाताला होतील! ओवीच्या कोपरावरून वर जातायत.''

आप्पा हसले नाहीत.

''कॅमेरा हलका असेल हो. मी पैसे टाकते, चांगला मोबाईल घ्या.''

उठले, गेले फिरोजकडं. ''बदलून दे. माप चुकवतो हा.'' फिरोजनं नेहमीसारखा हात पुढं केला, ''बसा तर मामा!'' आप्पांनी हात धरला. दाबला. आणि थबकले.

अहो, त्या दिवशीही त्यांनी आत येताना हा हात धरलाच होता की! माप पडद्यानं दिलंच नव्हतं. बोटांनी दिलं होतं!

''मामा... हात सोडा. गिऱ्हाईक आलंय.''

सुटेना. किती दिवसांनी कुणाचा हात हातात आला होता! फिरोज शहाणा. दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाला खुणावलं, ''थांबा जरा.''

मोबाईल न बदलताच आप्पा घरी आले. कुंदाला फोन लावला. ''पैसे टाकू नकोस. मोबाईल चांगला आहे.''

''मग माप कसं चुकलं?''

''हात धरायला लागतो गं पोरी. दिसतेस तू. ओवी दिसते. कुणी हाताला लागत नाही.''

पलीकडून कुंदा म्हणाली, ''बघते आप्पा. यांची रजा, घरचं सगळं...''

''बघ,'' आप्पा म्हणाले. आणि दीड इंचाच्या बांगड्या काढून समोर ठेवल्या. अंदाजानं. पोस्टात टाकल्या नाहीत.

आली का कुंदा? अरे, मला काय विचारता! मी तुम्हाला विचारतो — तुम्ही गेलात का? आईला मोबाईल घेऊन दिलात, भिंतीला चार्जर लावून दिलात, रोज दोन मिनिटं तोंड दाखवता, आणि म्हणता, भेट झाली! तिच्या हाताला कंप सुटलाय, ते पडद्यात दिसतं का हो? नाही दिसत! पडदाच हलतोय असं वाटतं, आणि वर तुम्हीच ओरडता, ''आई, मोबाईल नीट धर!''

आता नामाचा गजर करू. टाळी वाजवाल ना? वाजवा! पण बघा, टाळीला आपले आपल्याला दोन हात पुरतात. आईचा हात धरायचा तर उठून जावं लागतं. गजर संपला की प्रसादाला थांबू नका. एसटी उभी आहे. जा!