वेणूचा तांब्या

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका — मी केली आणि तोंडावर आपटलो! प्रश्न असा, घराण्याचं नाव राखतो कोण?

"मुलगा!" — हे बघा, खांबाजवळचे आप्पा लगेच बोलले! आप्पा, मीही अस्साच होतो हो!

मला माझ्या चौदा पिढ्या तोंडपाठ! विश्वनाथाचा महादेव, महादेवाचा बाळंभट... कोणी विचारो न विचारो! एकदा पंगतीत शेजारचा माणूस जिलबी टाकून उठून गेला, पण मी बाळंभटाच्या पुढे गेल्याशिवाय थांबलो नाही! शेवटी म्हटलं, उकिडव्यांचा कुळवृत्तांतच लिहावा. तीन वर्षं खपलो आणि छपाईला देण्याआधी वही घेऊन गेलो सांगलीला, गोदूमावशीकडे. माझ्या आईची धाकटी बहीण. वय एक्याण्णव — कान जरा जड, जीभ शाबूत!

मला वाटलं, पाठ थोपटेल. तिनं भिंग लावून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "दामू, यात वेणू कुठंय?"

"कोण वेणू?"

"मेल्या, तुझी आई!"

"मावशी, आईचं नाव जानकी!"

"ते तुझ्या वडलांनी ताटातल्या तांदळात लिहिलं, मांडवात! ते रामचंद्र, म्हणून ही जानकी. त्याच्या आधी सोळा वर्षं ती वेणू रिसबूड होती. ते कुठं लिहिलंयस?"

काय सांगू, मंडळी! आम्ही तिला आई म्हणायचो, मावशी अक्का म्हणायची, आणि वडील? वडील म्हणायचे, "ऐकलं का!" बाळंभटाला किती गाई होत्या ते मला ठाऊक — आणि आईचं नाव ठाऊक नाही!

थांबा, खरी फजिती पुढेच आहे. हा तांब्या बघा. कीर्तनात पाणी पितो तो. याच्यावर कोरलंय, "चि. वेणूस, आईकडून." हा आमच्या घरातलाच! पण बऱ्याच वर्षांपूर्वी मी समजलो की पुतण्याच्या मुंजीत कोणाशी तरी बदलला. भांडी बदलतातच ना कार्यात? घेतला हातात आणि फिरलो सगळी आळी! दारोदार — "वेणू कोण हो? तुमच्याकडे वेणू आहे का?" जोशीकाकू, मागच्या आळीतले परांजपे, पिठाची गिरणी... एकाला सोडला नाही!

आणि आई? आई दारात उभी होती. हसत होती. म्हणाली, "राहू दे रे. वेणू येईल तेव्हा नेईल."

पेटीवाले, हसू नका. मीही हसलो होतो त्या दिवशी.

मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्या आळीला विचारलंस. तिला विचारलंस?"

नाही विचारलं हो! आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली. आणि मी शहाणा काय करत होतो? बिनमालकाचा तांब्या, हरवला तरी चिंता नाही, म्हणून गावोगाव कीर्तनाला हाच नेत होतो!

निघताना मावशीनं माझा हात धरला. म्हणाली, "लिही रे बाबा. मी गेले की ती वेणू होती हे ठाऊक असलेलं कोणी उरणार नाही." मी तिथेच वही उघडली. बाळंभटाच्या गाई खोडल्या, जागा केली आणि लिहिलं. आजीचं नाव विचारलं, पणजीचं विचारलं. आजीचं माहेरचं नाव मिळालं, पणजीचं मावशीलाही माहीत नव्हतं. ती जागा कोरीच छापणार आहे. दिसू दे लोकांना!

आता तुमची पाळी. आप्पा, खांबामागे लपू नका! आज खडीसाखर घेताना बायकांनी माहेरचं नाव मोठ्यानं सांगायचं, अख्खं. पुरुषांनी आईचं सांगायचं. ज्यांना येत नसेल, त्यांनी घरी जाऊन विचारून यायचं, खडीसाखर ठेवतो मी. आणि जिची आई घरी आहे, ज्याची आई घरी आहे, त्यांनी देवळातून थेट तिच्याकडेच जायचं. मला जाता येत नाही म्हणून सांगतो.

पहिलं नाव मी घेतो. आई, उशीर झाला खरा. पण तुझा तांब्या द्यायला आलोय गं, वेणू रिसबूड!