ड्रममधली पुरचुंडी

ताई : थांब जरा. काहिलीत ओतू नकोस अजून.

भाऊ : अगं, चूल पेटलीय, डुकरं बोंबलतायत. वृद्धाश्रमातलं उष्टं ते, त्यात सोनं सापडणार आहे का तुला?

ताई : वर काय ठेवलंय बघ.

भाऊ : कागदाची पुरचुंडी. आत अंडं. सोललेलं, अख्खं.

ताई : महिना झाला, रोज एक येतंय. मला वाटायचं, कुणीतरी म्हातारं नाक मुरडत असेल. आज दोऱ्याची गाठ नीट पाहिली. ओढ ते टोक.

भाऊ : सुटली की एका ओढीत. ही तर पोत्याची गाठ.

ताई : आपल्या घरात एकालाच जमते ती. तुला शिकवता शिकवता थकले ते.

भाऊ : बाबा अंडं खात नाहीत? डॉक्टरांनी मुद्दाम लावलंय ना त्यांना?

ताई : परवा मी आश्रमात भेटायला गेले, तर त्यांच्या मनगटाची हाडं वर आलेली. वर मलाच म्हणतात, जेवतो गं पोटभर. आणि ड्रममध्ये हल्ली दात कोरायच्या काड्या सापडतात का तुला? आधी मूठ मूठ निघायच्या.

भाऊ : स्वयंपाकघरातलं कुणी निवडत असेल.

ताई : बाबाच निवडतात. स्वयंपाकीण सांगत होती, आजोबा मोरीपाशी बसून काड्या वेचतात, डुकरांच्या पोटात रुततील म्हणतात. कुणाचं ऐकत नाहीत.

भाऊ : मला कधी दिसले नाहीत ते.

ताई : दिसतील कसे? मागच्या दारानं ड्रम उचलतोस नि चालू पडतोस. पुढच्या दारानं एकदा तरी गेलास का?

भाऊ : कोणत्या तोंडानं जाऊ? उष्टं न उकळता घातलं त्यांनी, शेडभर डुकरं रोगानं गेली. विसर पडायला लागला होता त्यांना, हे आता कळतं. तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

ताई : काय बोललास ते आठवतं?

भाऊ : यापुढे एकही डुक्कर तुमच्या हातचं काही खाणार नाही, म्हणालो.

ताई : म्हणून तर डुकरांना अंडं पाठवतात रे. भात नाही, भाजी नाही. उकडलेलं आहे अशी खात्री असते, तेवढंच.

भाऊ : स्वतः उपाशी राहून?

ताई : बाकी सगळं विसरतात. हे नाही विसरले.

(थोरली डुकरीण गजाला धडका देते.)

भाऊ : उद्या पुढच्या दारानं जातो. समोर बसून खायला लावतो.

ताई : दटावू नकोस हं. पोर नाहीत ते.

भाऊ : नाही दटावत. आण ते अंडं इकडं.

ताई : टाक काहिलीत. उकळल्याशिवाय काही घालायचं नाही, नियम तुझाच.

भाऊ : नको. उकडलेलं आहे, कागदात होतं, उष्टं लागलेलं नाही. थोरलीला असंच देतो.

ताई : नक्की?

भाऊ : उद्या सांगायला हवं ना त्यांना, तुमच्या हातचं खाल्लं म्हणून.