जाळ्याचं अस्तर

(मासेबंदरावरची शेड. ताई फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसली आहे. धाकटा भाऊ कापडाचा गठ्ठा काखेत मारून समोर उभा.)

भाऊ : जाळ्याच्या टोकाला मासळी जमते त्या पिशवीला आतून हे अस्तर लावून दे, एवढंच म्हणतोय मी.

ताई : अस्तर कोटाला लावतात. ही मच्छरदाणी आहे.

भाऊ : बंदरावर सगळ्यांनी लावलीय. आपणच तेवढे शहाणे राहिलोय.

ताई : भोकं मोठी का ठेवतात, ठाऊक आहे ना? पिल्लं निसटावीत म्हणून.

भाऊ : निसटतात आणि शेजारच्या नावेत सापडतात. मग आपण धरली तर काय बिघडलं? कोंबडीखाद्याचा कारखाना सगळं वजनावर उचलतो. कचरासुद्धा.

ताई : कचरा कशाला म्हणालास?

भाऊ : बारीक माल गं. सगळेच म्हणतात.

ताई : ही टोपली शेजारच्या नावेची. घाल हात. उचल एक. काय आहे?

भाऊ : कचरा.

ताई : नाव विचारतेय मी.

भाऊ : नखाएवढं तर आहे. काय ओळखायचं त्यात?

ताई : पापलेट आहे ते. कोळ्याच्या पोटी जन्मलास आणि पापलेट ओळखता येत नाही. ही पिल्लं कोंबड्यांना घालायची आणि वर समुद्रात मासळीच उरली नाही म्हणून गळा काढायचा. लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?

भाऊ : लाजेवर इंजिन चालत नाही, ताई. बाबांच्या वेळी मासळी होती, तेव्हा शोभत होतं हे सगळं. आता या भोकांनी नाव रिकामी परत येते.

ताई : येणारच. खायचं ते सगळं आधीच ओरबाडून खाल्लंत.

भाऊ : मग ऐक. तू शिवलं नाहीस तर नाव विकावी लागेल. अर्धी तुझी आहे. बाबांची म्हणून दरवर्षी स्वतःच्या हातानं रंगवतेस तिला. मागाहून रडू नकोस.

ताई : रडेन. घरी जाऊन पोटभर रडेन. पण हे शिवणार नाही. वीक.

भाऊ : खरंच विकू?

ताई : वीक म्हटलं ना.

भाऊ : अगं, पण मग मी करू काय? मासेमारीशिवाय मला दुसरं येतं काय?

ताई : तीही विसरलास. आता समुद्रात नुसता झाडू मारता येतो तुला. सरक बाजूला, उजेड अडवतोयस.