हिरव्या डोंगरवालं व्हर्जन

सकुबाई : नाव नाय गो मला ठाऊक त्याचं. पण दिसायचं कसं ते सांगते. मागं हिरवागार डोंगर, वर निळं आभाळ, आन् खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं बटन. तेवढं परत बसवून दे याच्यात.

नम्रता : ते एक्सपी, मावशी. विंडोजचं वीसेक वर्षांपूर्वीचं व्हर्जन. माझ्या दुकानात आता ते कुणी मागत नाही.

सकुबाई : मी मागते ना. सापगाववरनं आले, शहापुरात हे तिसरं दुकान. पयल्या दोघांनी हसून वाटेला लावलं.

नम्रता : मी नाही हसत. बसा आधी. हा एवढा सीपीयू सापगाववरून एकट्या घेऊन आलात?

सकुबाई : रिक्षात मांडीवर घेतला. आपटला नाय कुठं.

नम्रता : बघू, चालू करते. ...दोन जीबी रॅम, प्रोसेसर जुना, आणि त्यावर कुणीतरी विंडोज दहा चढवलंय. म्हणून असा कण्हत कण्हत चालतोय.

सकुबाई : पोरानं टाकलं. साईनाथनं. दिवाळीत. चांगल्यासाठीच टाकलं त्यानं.

नम्रता : हो, पण याला झेपत नाही. अकरा तर चढणारच नाही याच्यावर, आणि दहाचे अपडेट कंपनीनं बंद केलेत. माझं ऐकाल तर लिनक्सचं एखादं हलकं व्हर्जन टाकते. फुकट असतं, जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची भीतीही कमी.

सकुबाई : त्याच्यात डोंगर हाय?

नम्रता : डोंगराचा फोटो लावता येईल मागे. बटणही हिरवं करून देते.

सकुबाई : मंग बटन दाबल्यावर आत तेच निघंल?

नम्रता : नाही. आतलं वेगळं असतं.

सकुबाई : मंग नको. त्यांना लगेच कळंल. माणसांचं नाय कळत आता, पण त्या मशीनमधलं कळतं.

नम्रता : कोणाला, मावशी?

सकुबाई : आमच्या मालकांना. नामदेव धानके. मुरबाडला स्टँडजवळ दुकान होतं यांचं, लग्नपत्रिकांचं.

नम्रता : नामाभाऊ? अहो, माझ्या थोरल्या बहिणीची पत्रिका त्यांनीच केली. आईनं मामांची नावं चुकीच्या क्रमानं सांगितली होती, तर त्यांनी स्वतः फोन करून विचारलं होतं, थोरले मामा खाली कसे आले म्हणून.

सकुबाई : त्येच. छापायच्या दुसरीकडं, पण अक्षरं जुळवायची यांनी. बावीस वर्षं. सरळगाव, टोकावडं, धसई, कुठून कुठून लोक यायचे. गिऱ्हाईक पडद्याकडं बघून इचारायचं, हा डोंगर कुठला हो? हे सांगायचे, माळशेजचा, श्रावणातला. लोकांना खरंच वाटायचं.

नम्रता : आणि आता?

सकुबाई : चार वर्षं झाली. आधी नावं इसरले, मंग रस्ता. एकदा मुरबाडला दुकान उघडाय म्हणून निघाले आन् आटगावच्या फलाटावर बसलेले गावले. कुठं मुरबाड, कुठं आटगाव! डाक्टर म्हणाला, ओळखीच्या वस्तू जवळ ठेवा. मंग दुकान बंद केलं आन् मशीन घरी आणली. पडवीत टेबल टाकलं. तर काय सांगू गो तुला, रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून बसायचे. कोणाकोणाच्या पत्रिका करायचे. नवरा कोण, नवरी कोण, देवाला ठाऊक. पण काना मात्रा चुकायचा नाय.

नम्रता : आणि दिवाळीत साईनाथदादांनी हे टाकलं.

सकुबाई : टाकलं. दुसऱ्या दिवशी हे बसले, तर म्हणतात, हे कोणाचं मशीन? परक्याच्या मशीनला आपण हात लावू नये. उठले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तसंच. मंग बसायचंच सोडलं. आता भिंतीकडं तोंड करून असतात. मांडीवर बोटं हलतात नुसती, टाइप करतात तशी. घास पन मीच भरवते.

नम्रता : मावशी, त्यांच्या जुन्या पत्रिका कुठं ठेवलेल्या होत्या? दुसरीकडे कुठं उतरवून घेतलेल्या?

सकुबाई : दुसरीकडं कुठं? याच्यातच. सगळ्या. का गो?

नम्रता : काही नाही. बघतेय.

साईनाथ : आये! तू इथं हायस होय? दोन तास फोन लावतोय मी. बाबांजवळ कोण हाय?

सकुबाई : बाईजा बसलीय. ही शेजारीण नसती तर मला हागायला जाया मिळालं नसतं. तू कामावरनं आलास?

साईनाथ : हाफ डे टाकला. बाईजाकाकी म्हणाली, तुझी आई मशीन घेऊन शहापूरला गेली. वाशिंदवरून तसाच आलो. ताई, तुम्ही एक्सपी टाकू नका हां याच्यात. टोटली अनसेफ आहे ते. कोणपण सांगेल तुम्हाला.

नम्रता : नेट लावलं तर अनसेफ आहे. नेट नसलं तर तेवढी भीती नाही.

साईनाथ : नेटसाठीच तर नवीन टाकलं मी! वाशिंदला राहतो. बायको हाय, शिफ्टची नोकरी हाय, रोज येता येत नाय. म्हटलं व्हिडिओ कॉलवर तरी रोज दिसेन बाबांना. फोनची स्क्रीन छोटी पडते त्यांना.

सकुबाई : दिसलास की एकदा. हे मला म्हणाले, त्या पोराला आत कोणी कोंडलं, दार उघड त्याला.

साईनाथ : हे तू मला सांगितलं नाय.

सकुबाई : सांगून काय करणार व्हतास?

नम्रता : दादा, एक विचारायचं होतं. नवीन विंडोज टाकताना अख्खी डिस्क पुसून फॉरमॅट केलीत का? पार्टिशन एकच दिसतंय.

साईनाथ : आये, तू जरा बाहेर बस ना. समोर चहा चांगला मिळतो.

सकुबाई : चहा नको मला. इथंच बोल.

साईनाथ : नंतर बोलू, घरी.

सकुबाई : साईनाथ.

साईनाथ : ...गेल्या, आये. पत्रिका. सगळ्या गेल्या. मला वाटलं होतं फक्त जुनं विंडोज उडेल. मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. नंतर बघितलं तर काहीच नाय. बावीस वर्षांचं काहीच नाय.

सकुबाई : कधी कळलं तुला?

साईनाथ : त्याच संध्याकाळी. तू करंज्या तळत होतीस.

सकुबाई : म्हणून येईनासा झालास.

साईनाथ : हो.

सकुबाई : मला वाटलं, सुनेला, प्रियांकाला, आमचं घर नको झालं. मनात तिला किती बोलले मी, चार महिने.

साईनाथ : तिला पण नाय सांगितलं मी. बाबा भिंतीकडं बघत बसले ना, आये, मला वाटलं त्यांना कळलं. त्यांना सगळं कळलं आणि ते माझ्यावर रागावून बसलेत.

सकुबाई : नाय रे. राग धरायला माणूस आठवावा लागतो.

साईनाथ : ताई, परत मिळतील का? किती पण टाइम लागू दे.

नम्रता : सॉफ्टवेअर लावून बघते. पण वरून नवीन विंडोज बसलं, चार महिने वापरलं गेलं. आशा देत नाही मी.

सकुबाई : जाऊ दे गो. ज्यांची लगनं झाली त्यांना पोरं झाली. कोणाला पायजे आता ती कागदं. ...यांना पायजे होती म्हणा. जुनी उघडून वाचत बसायचे.

नम्रता : मावशी, अजून एक अडचण आहे. नुसतं एक्सपी टाकून भागणार नाही. ज्या सॉफ्टवेअरवर ते मराठी टाइप करायचे ते लागेल. त्यांच्या बोटांना जी कळ जिथे ठाऊक, ती तिथेच हवी. ते आता बाजारात शोधून मिळायचं नाही.

सकुबाई : ही पिशवी बघ. मशीनबरोबर टेबलाखाली व्हती. मी काय टाकत नाय त्यांचं.

नम्रता : सीड्या! ...प्रिंटरची, ही भजनांची, आणि ही. ‘मराठी अक्षरे. मूळ प्रत. कोणीही नेऊ नये.’ त्यांचंच अक्षर?

साईनाथ : त्यांचंच.

नम्रता : एक्सपीची पण आहे, पाकिटावर नंबरासकट. ओरखडे बरेच पडलेत. वाचली तर वाचली.

साईनाथ : पण ताई, तुम्ही पण आईला लिनक्सच बोलला असाल ना? बरोबर ते हाय.

नम्रता : मशीन बघून बोलले होते. तेव्हा मला कोण बसणार ते माहीत नव्हतं. एक्सपीच टाकू या. फक्त नेटची वायर याला कधी जोडायची नाही, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायचा नाही, आणि बँकेचं वगैरे काम तुमच्या फोनवरच करा.

सकुबाई : बँकेचं कोण करतंय त्याच्यावर! त्याच्यावर लगनं लागतात फक्त.

नम्रता : मावशी, पण मी खात्री देत नाही हां. मशीन आधीसारखी होईल. ते आधीसारखे बसतील असं नाही.

सकुबाई : ठाऊक हाय मला. तू मशीनचं बघ.

(पाच दिवसांनी, सकाळी, सापगावला धानक्यांच्या पडवीत. नामदेव भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.)

नम्रता : दादा, हळू. मॉनिटरची वायर मागून घ्या. ...त्या फाइल्स नाही मिळाल्या. सात-आठ निघाल्या, पण उघडल्या तर आत नुसते चौकोन.

साईनाथ : ठीक हाय, ताई. तुम्ही केलं तेवढं.

नम्रता : सीडी मात्र वाचली. तिसऱ्या खेपेला. त्यांचं अक्षरांचं पण बसलं. मी स्वतःचं नाव टाइप करून बघितलं, काहीच्या काही उमटलं. कळाच वेगळ्या.

सकुबाई : यांना येतात त्या. लाव आता.

नम्रता : लावते. ...हं. आलं.

सकुबाई : आवं, ऐकता का? इकडं वळा जरा.

नामदेव : कोण आलंय?

सकुबाई : दुकान उघडलंय. चला, खुर्चीत बसा. साईनाथ, त्यांचा हात धर. तसा नाय, कोपराखाली धर.

नामदेव : सोडा, सोडा. येतं मला चालता.

साईनाथ : बसा. इथं.

(नामदेव खुर्चीत बसून पडद्याकडे बघतात.)

साईनाथ : आये, काय नाय होत. नुसतंच बघतायत.

सकुबाई : गप. बघू दे.

नामदेव : माझा चष्मा कुठं ठेवलास?

सकुबाई : हा घ्या. पुसलेला हाय.

नामदेव : कीबोर्ड पण पुसायचा होता. धूळ बघ किती. रोज सांगतो.

सकुबाई : उद्यापासनं पुसते.

नम्रता : मावशी, त्यांनी स्वतःच उघडलं. मी सांगितलंही नाही कुठं क्लिक करायचं ते.

नामदेव : हे गिऱ्हाईक उभं का? बसा ना तुम्ही. स्टूल घ्या ते. बोला, मुलाकडचे का मुलीकडचे?

साईनाथ : बाबा, मी...

सकुबाई : बस रे. इचारतील ते सांग.

साईनाथ : मुलाकडचे.

नामदेव : मुलाचं नाव?

साईनाथ : साईनाथ.

नामदेव : चिरंजीव साईनाथ. ‘ई’ दीर्घ. लोक बिनधास्त ऱ्हस्व लिहितात. आणि मुलगी?

साईनाथ : प्रियांका.

नामदेव : चि. सौ. कां. प्रियांका. छान नाव. गाव कोणतं तुमचं?

साईनाथ : सापगाव.

नामदेव : आमच्याच गावचे की! तरीच पाहिल्यासारखे वाटलात. वडलांचं नाव सांगा.

साईनाथ : माझ्या वडलांचं?

नामदेव : वडलांचं नाव, वडलांचं. पत्रिका त्यांच्या नावानं निघते.

साईनाथ : नामदेव. नामदेव महादू धानके.

नामदेव : आं? माझं नाव सांगताय की काय? आमचे वडील पण महादूच. होतं असं एका गावात, एकाच भावकीत. टपाल बदलत असेल मग आपलं! ...आता एक विचारतो, राग मानू नका. विचारावंच लागतं. वडील आहेत ना? नाहीतर नावाआधी ‘कै.’ लावायचं राहून जातं, नाहीतर असलेल्या माणसाला लागून जातं. एकदा झालं होतं तसं. त्या माणसानं स्वतः येऊन दाखवलं मला.

साईनाथ : आहेत.

नामदेव : मग श्री. लावतो. ...रडताय का? लग्नाचं काम आहे, आनंदाचं.

साईनाथ : नाय. डोळ्यात गेलं काहीतरी.

नामदेव : अहो, यांना पाणी द्या. लांबून आलेत.

सकुबाई : देते.

नामदेव : मजकूर परवा तयार होईल. पण प्रूफ बघायला तुम्ही एकटे येऊ नका, वडलांना घेऊन या. घरातली नावं बापाला बरोबर ठाऊक असतात.

साईनाथ : आणतो.